ट्रेलर ओढण्यासाठी जीप रँग्लरच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर बदलताना

डेन्व्हरहून पश्चिमेला निघालेला आय-७० महामार्ग सुमारे साठ मैलांवर आयझेनहॉवर बोगद्यापाशी पोहोचतो, तेव्हा तो समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांच्या वर गेलेला असतो. शहर ५,२८० फुटांवर आहे. उरलेली चढण या साठ मैलांतच चढायची असते आणि शेवटच्या टप्प्यात रस्त्याचा चढ सहा-सात टक्क्यांचा असतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे ढोबळमानाने तीन टक्क्यांनी घटते. त्यामुळे २०१२ ते २०१८ या काळातील जीप रँग्लर जेके अनलिमिटेडचे ३.६ लिटरचे पेंटास्टार इंजिन कागदावर २८५ अश्वशक्तीचे असले, तरी बोगद्याच्या तोंडाशी त्यातील दोनशेसुद्धा हाती लागत नाहीत. त्यात गाडीला हौसेने ३५ इंची टायर बसवलेले असतील आणि मागे छोटा कॅम्पर जोडलेला असेल, तर पाच गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सतत वर-खाली करत राहतो, टॉर्क कन्व्हर्टरचे (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाच्या माध्यमातून जोडणाऱ्या भागाचे) लॉक सुटते आणि गिअरबॉक्सचे तेल तापू लागते. कोलोरॅडोत राहणाऱ्या आणि सुट्टीत ट्रेलर घेऊन डोंगरात जाणाऱ्या मराठी मंडळींकडे ही गाडी बरीच दिसते, म्हणून पुढचे सारे विवेचन तिलाच धरून केले आहे. तत्त्व मात्र कोणत्याही फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीला लागू आहे.

डिफरन्शियल म्हणजे इंजिनाचा जोर शेवटी चाकांकडे वळवणारी दातेरी चाकांची पेटी. त्यातील क्राउन (मोठे दातेरी चाक) आणि पिनियन (त्याला फिरवणारा लहान दातेरी गिअर) यांचे गुणोत्तर म्हणजे चाकांच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे डिफरन्शियलकडे जोर नेणाऱ्या दांड्याचे, किती फेरे होतात तो आकडा. या गाड्या कारखान्यातून ३.२१, ३.७३ किंवा ४.१० या गुणोत्तरांसह बाहेर पडल्या. आकडा वाढला की चाकांवर तेवढाच जोर देण्यासाठी गिअरबॉक्समधून आणि शाफ्टमधून कमी टॉर्क (फिरवण्याचा जोर) न्यावा लागतो, कारण उरलेली वाढ शेवटच्या टप्प्यावर, डिफरन्शियलमध्ये होते. ओढकामासाठी गुणोत्तर बदलण्याचे खरे कारण हे आहे. गाडी जोरात पळावी हा त्यामागचा हेतू नाही. इंजिन त्याच्या सोयीच्या फेऱ्यांत राहावे आणि गिअरबॉक्स थंड राहावा, एवढ्यासाठीच हा खर्च करायचा.

यामुळे गाडीची ओढण्याची अधिकृत मर्यादा एका पौंडानेही वाढत नाही. चार दारांच्या या रँग्लरची कमाल मर्यादा ३,५०० पौंड आणि दोन दारांच्या गाडीची २,००० पौंड आहे. ती चौकट, ब्रेक, चाकांमधील अंतर आणि शीतकरण या सर्वांवर ठरलेली असते, आणि ४.८८ चे क्राउन-पिनियन बसवल्याने यातील काहीच बदलत नाही. अमुक गिअर टाकले की पाच हजार पौंड सहज ओढले जातात, असे कोणी सांगत असेल तर त्याचे बोलणे मनावर घेऊ नये. भारतातील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. त्यामुळे हे लेखन वाचून महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या गाडीवर प्रयोग सुरू करू नयेत.

गुणोत्तर कसे निवडावे

आधी आज गाडीत काय आहे ते पाहावे. डिफरन्शियलच्या झाकणाच्या बोल्टखाली पत्र्याची लहान पट्टी असते, पण जुन्या गाडीत ती गायब असते किंवा गंजलेली असते. गाडी दुसऱ्या हातातली असेल तर पट्टीवर विसंबूही नये, कारण आधीच्या मालकाने आतील गिअर बदलून पट्टी तशीच ठेवलेली असू शकते. खात्रीचा मार्ग असा: मागचे एकच चाक जॅकवर उचलावे, बाकीच्या चाकांना अडसर लावावा, गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये ठेवावा, शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण करावी आणि उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवावे. डिफरन्शियल साधे असेल तर तेवढ्यात शाफ्टचे जितके फेरे होतात, तेच गुणोत्तर. पावणेचारच्या जरा अलीकडे शाफ्ट थांबला तर ३.७३, चारच्या जरा पुढे गेला तर ४.१०. मागे लिमिटेड-स्लिप (एकच चाक मोकळे फिरू न देणारे डिफरन्शियल) असेल तर दोन्ही चाके उचलून एकच फेरा मोजावा.

यानंतर टायरचा हिशेब करावा. ३.७३ असलेल्या गाडीचा मूळ टायर साधारण ३२ इंच व्यासाचा असतो. त्याजागी ३५ इंची टायर बसवला की परिणामी गुणोत्तर ३.४१ च्या आसपास उतरते. म्हणजे मोठे टायर बसवलेल्या माणसाने ट्रेलर जोडण्याआधीच बरेच काही गमावलेले असते. इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे काढण्याचे सूत्र सोपे आहे: ताशी मैलांतील वेग, डिफरन्शियलचे गुणोत्तर आणि त्या वेळच्या गिअरचे गुणोत्तर यांचा गुणाकार करून त्याला ३३६ ने गुणावे आणि टायरच्या इंचांतील व्यासाने भागावे. या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गुणोत्तरे ३.५९, २.१९, १.४१, १.०० आणि ०.८३ अशी आहेत.

३५ इंची टायरवर, ताशी ६५ मैलांनी, पाचव्या गिअरमध्ये ३.७३ ला सुमारे १,९३० फेरे येतात, ४.५६ ला २,३६०, ४.८८ ला २,५३० आणि ५.१३ ला २,६६०. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि सपाट रस्त्यावरचे पेट्रोल डोळ्यांसमोर ठेवून ४.५६ निवडतात. माझ्या मते ही निवड चुकीच्या रस्त्यावर बसून केलेली असते. ट्रेलर जोडल्यावर पाचवा गिअर फारसा वापरातच राहत नाही, म्हणून प्रश्न चढावर विचारायला हवा.

गाडी, माणसे, सामान आणि ट्रेलर मिळून ८,५०० पौंड धरले, चढ सहा टक्क्यांचा धरला आणि वेग ताशी ४५ मैल धरला, तर नुसते ते वजन वर उचलायला चाकांवर ६१ अश्वशक्ती लागते. वाऱ्याचा विरोध आणि टायरचे घर्षण वेगळेच. ११,००० फुटांवर एवढी ताकद हे इंजिन कमी फेऱ्यांत देऊच शकत नाही. याच वेगाला ३.७३ वर दुसऱ्या गिअरमध्ये ३,५३० आणि तिसऱ्यात २,२७० फेरे येतात. ४.८८ वर दुसऱ्या गिअरमध्ये ४,६२० फेरे येतात, आणि या इंजिनाचा कमाल टॉर्क ४,८०० फेऱ्यांवर मिळतो. म्हणजे ४.८८ असलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या सर्वांत बळकट जागेवर राहून चढते, ३.७३ ची गाडी त्याच गिअरमध्ये हजारभर फेरे खाली कुंथत राहते. इंजिन ४,६०० वर ओरडते तेव्हा नवख्या माणसाला धडकी भरते, पण पेंटास्टारला त्या आवाजाने काही होत नाही. गिअरबॉक्सचे तेल तापले की मात्र नुकसान होते.

५.१३ आणखी जवळ, ४,८५० वर नेते, तरीही पुढच्या ॲक्सलमध्ये (चाकांच्या आसात) डॅना ३० या लहान प्रकारचे डिफरन्शियल असेल तर मी ४.८८ वर थांबावे असे म्हणेन. कारण पिनियनच्या दातांमध्ये आहे. ३.७३ च्या पिनियनला ११ दात असतात आणि क्राउनला ४१, ४.५६ ला ९ व ४१, ४.८८ ला ८ व ३९, तर ५.१३ ला ८ व ४१. क्राउनचा व्यास ठरलेला असल्याने गुणोत्तर वाढले की पिनियन बारीक होत जातो. मागच्या डॅना ४४ चा क्राउन २२६ मिलिमीटरचा आहे, तिथे हे सहज खपते. पुढच्या डॅना ३० चा क्राउन १८६ मिलिमीटरचाच आहे, आणि ट्रेलर काढून ठेवल्यावर हीच गाडी खडकाळ वाटांवर जाणार असते. रँग्लरच्या रुबिकॉन या प्रकाराला पुढेही डॅना ४४ असल्याने त्या मालकांना ही चिंता कमी आहे. मूळ ३२ इंची टायरच ठेवणाऱ्यांना मात्र ४.५६ पुरेसे होते आणि ज्यांच्याकडे आधीच ४.१० आहे त्यांनी काहीही न उघडता आधी एक उन्हाळा ट्रेलर ओढून पाहावा.

पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच गुणोत्तराचे असायला हवेत, हे सांगायला नको असे वाटते, पण खर्च वाचवण्यासाठी फक्त मागचा बदलून घेण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. तसे केले तर फोर-व्हीलमध्ये टाकताच ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) दोन वेगवेगळ्या वेगांच्या मध्ये अडकते आणि तिथे काहीतरी तुटणारच. शिवाय या गाडीच्या पुढच्या ॲक्सलला वेगळे करणारी यंत्रणा नाही. टू-व्हीलमध्येही पुढचे क्राउन-पिनियन आणि शाफ्ट चाकांबरोबर फिरतच असतात.

सामान आणि हत्यारे

पुढचा पिनियन हाउसिंगमध्ये वरच्या बाजूला बसतो आणि त्याचे दात उलट्या वळणाने कापलेले असतात, म्हणून पुढचा आणि मागचा संच एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मागणी नोंदवताना ॲक्सलचे नाव, गाडीचे वर्ष आणि सध्याचे गुणोत्तर ही तिन्ही माहिती द्यावी. विशेषतः मूळ ३.२१ असलेल्या गाडीत क्राउन ज्या केसवर बसतो, तो केसही बदलावा लागतो का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. काही ॲक्सलमध्ये विशिष्ट गुणोत्तराच्या वर क्राउनच्या जाडीशी केस जुळत नाही, आणि हे गाडी उघडल्यावर कळले तर ती आठवडाभर स्टँडवर उभी राहते.

क्राउन-पिनियनबरोबर पूर्ण जोडणी-संच घ्यावा: नवी बेअरिंगे, शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या), क्रश स्लीव्ह (आवळल्यावर दबणारी नळी), सील, पिनियन नट, क्राउनचे बोल्ट आणि दातांना लावायची पेस्ट त्यात येते. जुनी बेअरिंगे चांगली दिसत असली तरी पुन्हा वापरू नयेत. हत्यारांमध्ये चुंबकीय स्टँडसह डायल गेज, फुट-पौंडांचा टॉर्क रेंच, इंच-पौंड दाखवणारा काट्याचा टॉर्क रेंच, बेअरिंग पुलर, प्रेस आणि मायक्रोमीटर लागतात. ही हत्यारे नसतील आणि उसनी मिळत नसतील, तर काम अनुभवी कार्यशाळेला द्यावे. मात्र पुढील मजकूर तरीही वाचावा, कारण कार्यशाळेला कोणते प्रश्न विचारायचे ते त्यातून कळते. दातांवरील खुणेचा फोटो आणि बॅकलॅशचे (दातांमधील मोकळ्या हालचालीचे) आकडे देण्यास जो मेकॅनिक खळखळ करतो, त्याच्याकडे गाडी देऊ नये.

उघडणे

गाडी चौकटीखाली भक्कम स्टँडवर घ्यावी, तेल काढावे, ब्रेक आणि ॲक्सल शाफ्ट बाहेर काढावेत. रुबिकॉनमध्ये लॉकरच्या (दोन्ही चाके एकत्र बांधणाऱ्या यंत्रणेच्या) तारा आधी सोडवाव्यात. केस धरून ठेवणाऱ्या दोन बेअरिंग-कॅपांवर डावी-उजवी आणि वर-खाली अशा पंचने खुणा कराव्यात. त्या हाउसिंगबरोबरच घडवलेल्या असतात आणि अदलाबदल झाली तर बेअरिंग कधीच सरळ बसत नाही. निघालेले प्रत्येक शिम कोणत्या जागेचे ते लिहून, मायक्रोमीटरने मोजून वेगळ्या पिशवीत ठेवावे. पुढच्या कामाची सुरुवात याच आकड्यांवरून होते.

जुळवणी

संपूर्ण कामाचे यश या टप्प्यावर आहे आणि घाई करणाऱ्याचे पैसे इथेच बुडतात. चार गोष्टी जुळवायच्या असतात: पिनियनची खोली (तो क्राउनकडे किती आत बसतो ते), पिनियन बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब), बॅकलॅश आणि केसच्या बेअरिंगांचा प्रीलोड. यातील एक हलवली की दुसरी थोडी सरकते, म्हणून तीन-चार वेळा उघडून पुन्हा बसवावे लागेल असे धरूनच चालावे.

पिनियनची खोली शिमने ठरते. पहिल्या फेरीला जुन्या पिनियनखाली जेवढे शिम होते तेवढेच घ्यावे. पिनियनवर कोरलेला अधिक किंवा उणे आकडा दिसला तर त्याचा अर्थ संचाबरोबरच्या कागदात पाहावा. जुळवणीच्या फेऱ्यांसाठी जुन्या बेअरिंगांचे आतील भोक थोडे घासून सैल करून घ्यावे. ती हाताने निघतात-बसतात आणि नवी बेअरिंगे प्रेसखाली पुन्हा पुन्हा जात नाहीत. या फेऱ्यांत क्रश स्लीव्हही घालू नये, नट हाताला योग्य ओढ लागेपर्यंतच आवळावा.

क्राउन केसवर बसवताना बोल्टांचे आटे स्वच्छ करून लाल थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावावे आणि समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळत यावे. केस हाउसिंगमध्ये बसवताना हलक्या हातोडीने ठोकूनच आत जायला हवा. हाताने अलगद जात असेल तर त्याच्या बेअरिंगांना प्रीलोड नाही आणि शिम वाढवणे आवश्यक आहे.

आता डायल गेजची सुई क्राउनच्या दाताच्या टाचेजवळ (बाहेरच्या टोकाजवळ), दाताच्या पृष्ठभागाशी काटकोनात टेकवावी, पिनियन घट्ट धरावा आणि क्राउन मागे-पुढे हलवून बॅकलॅश मोजावा. डॅना ४४ च्या नव्या संचाला साधारण ६ ते १० थाऊ, म्हणजे इंचाचे ६ ते १० हजारांश एवढा बॅकलॅश सांगितलेला असतो, पण अंतिम शब्द संचाबरोबर आलेल्या कागदाचा. क्राउनवर चार वेगवेगळ्या ठिकाणी मोजावे. दोन-तीन थाऊंपेक्षा जास्त फरक येत असेल तर क्राउन केसवर वाकडा बसला आहे. अनेकदा खाली अडकलेला धातूचा कीस किंवा न घासलेली खरखरीत कड हेच कारण असते. बॅकलॅश बदलण्यासाठी एका बाजूचे शिम काढून तेवढेच दुसऱ्या बाजूला घालावे, म्हणजे प्रीलोड तसाच राहतो.

त्यानंतर पेस्ट. क्राउनच्या तीन-चार दातांना दोन्ही बाजूंनी पातळ थर द्यावा, पिनियनच्या फ्लँजला (बाहेरच्या टोकाच्या चकतीला) चिंधी गुंडाळून हाताने ओढ द्यावी आणि क्राउन दोन्ही दिशांना काही वेळा फिरवावा. मग ज्या ठिकाणची पेस्ट पुसली गेली, त्या खुणेचा आकार आणि जागा पाहावी. दाताच्या माथ्यापासून मुळापर्यंतच्या उंचीत खूण मध्यभागी हवी. ती माथ्याकडे सरकलेली असेल तर पिनियन क्राउनपासून दूर आहे, म्हणून खोलीचे शिम वाढवावे. मुळाशी धारदार कडेने उमटली असेल तर पिनियन फार आत शिरला आहे, शिम कमी करावे. सुरुवातीला पाच-पाच थाऊंनी बदल करावा, खूण मध्याजवळ आली की दोन-दोन थाऊंनी. खूण दाताच्या लांबीत थोडी आतल्या टोकाकडे किंवा बाहेरच्या टाचेकडे दिसली तर फार अस्वस्थ होऊ नये. नवखा माणूस नेमका लांबीतल्या जागेशीच झुंजत बसतो आणि खोली चुकीची राहते. गाडी पुढे ओढताना वापरली जाणारी दाताची फुगीर बाजू आणि उतारावर वापरली जाणारी खोलगट बाजू, दोन्हींची खोली पाहावी. ट्रेलर घेऊन बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना इंजिन-ब्रेकचा भार खोलगट बाजूवरच येतो. खूण मनासारखी आली की फोटो काढून ठेवावा.

खोली पक्की झाली की नवी बेअरिंगे, नवे सील आणि क्रश स्लीव्ह घालून पिनियन अंतिम बसवावा. स्लीव्ह दबू लागण्यासाठी प्रचंड जोर लागतो. लांब दांड्याचा पाना आणि फ्लँज धरून ठेवणारी पट्टी याशिवाय जमत नाही. सुरुवातीला बराच वेळ काहीच हलत नाही आणि मग नटच्या जरा जरा वळणाने प्रीलोड झपाट्याने चढतो. म्हणून पिनियनची सैल हालचाल संपताच प्रत्येक वेळी अगदी थोडेसे आवळावे, पिनियन काही फेरे फिरवून बेअरिंगे बसू द्यावीत आणि इंच-पौंडांच्या रेंचने फिरताना लागणारी ओढ मोजावी. नव्या बेअरिंगांना केसशिवाय सामान्यतः १४ ते १९ इंच-पौंड सांगतात. आकडा पुढे गेला तर नट सैल करून तो खाली आणता येत नाही, कारण दबलेली स्लीव्ह पुन्हा फुगत नाही. अशा वेळी नवी स्लीव्ह घालूनच पुन्हा करावे. ती स्वस्त असते, म्हणून दोन जास्तीच्या आणून ठेवाव्यात. शेवटी केस बसवून बॅकलॅश आणि खूण पुन्हा एकदा तपासावी.

तेल, संगणक आणि पहिले मैल

ओढकामासाठी मागच्या डिफरन्शियलमध्ये ७५डब्ल्यू-१४० सिंथेटिक तेल घालावे. मागे लिमिटेड-स्लिप असेल तर त्याचे तेलात मिसळायचे फ्रिक्शन मॉडिफायर विसरू नये, नाहीतर वळणावर मागून करकर ऐकू येते. झाकणाला सीलंट लावले असेल तर ते डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत सुकू द्यावे आणि मगच तेल भरावे.

गाडीच्या संगणकाला नवे गुणोत्तर आणि टायरचा आकार सांगणे हा कामाचाच भाग आहे. जेकेसाठी हातात मावणारे प्रोग्रॅमर मिळतात, ते डॅशबोर्डखालच्या सॉकेटला जोडून हे दोन्ही आकडे बदलता येतात. तसे न केल्यास गिअर चुकीच्या वेळी पडतात, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि इतका खर्च करून गाडी पूर्वीपेक्षा वाईट चालते.

पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटे, ताशी साठ मैलांच्या आत, एकसारखा जोर न देता चालवावी आणि नंतर डिफरन्शियल पूर्ण थंड होऊ द्यावे. असे आणखी एक-दोनदा करावे. नवे दात एकमेकांवर घासून बसताना भरपूर उष्णता निर्माण होते, आणि तेवढ्यात भार टाकला तर त्यांचा कठीण थर कायमचा बिघडतो. गिअर बनवणारे साधारणपणे पहिले ५०० मैल ट्रेलर जोडू नका असे सांगतात, आणि हा नियम पाळावाच. शनिवारचा कॅम्प ठरलेला आहे म्हणून मोडू नये. ५०० मैलांनंतर तेल बदलावे. ट्रेलरची पहिली सफरही एका दमात बोगद्याकडे नेऊ नये: पंधरा मैल ओढावे, थांबून निदान पंधरा मिनिटे थंड होऊ द्यावे, आणि असे तीनदा करावे. प्रत्येक थांब्यावर इन्फ्रारेड तापमापकाने दोन्ही हाउसिंगांचे पिनियनजवळचे तापमान पाहून लिहून ठेवावे. पुढे तेच आकडे तुलनेला उपयोगी पडतात.

जुन्या तेलात राखाडी चकाकी आणि झाकणाच्या चुंबकावर मलमासारखी लोखंडाची भुकटी दिसणे साहजिक आहे. नखाला टोचेल असा कण मिळाला तर डिफरन्शियल उघडावे. आवाजाचेही असेच आहे. फक्त जोर देताना किंवा फक्त पाय काढल्यावर शीळ घातल्यासारखा आवाज येत असेल तर पिनियनची खोली चुकली आहे, आणि दोन्ही वेळी सारखाच गुरगुरत असेल तर बेअरिंगकडे पाहावे. आवाज नाही पण ठरावीक वेगाला थरथर जाणवते, असे झाले तर गिअरना दोष देण्याआधी प्रोपेलर शाफ्ट तपासावा. ३५ इंची टायरवर ताशी ६५ मैलांना ४.८८ मुळे शाफ्ट मिनिटाला ३,०४५ फेरे फिरतो, ३.७३ वर तोच २,३३० फिरत होता. समतोलातला जो किरकोळ दोष पूर्वी जाणवत नव्हता, तो आता आसनापर्यंत पोहोचतो, आणि गाडी लिफ्ट केलेली (उंच केलेली) असेल तर पुढच्या शाफ्टचा सांधा सर्वांत आधी पाहावा.